उसनं इंजिन

रेल्वे पुलाच्या चढावर जोतिराम मासाळच्या स्पोर्ट्स कारला ज्या रिक्षाने मागे टाकलं, तिच्यात सहा माणसं, दोन पोती आणि एक शिलाई मशीन होतं. जाताना रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला नाही. वाजवला असता तर निदान शर्यत झाली असं म्हणता आलं असतं. त्याने मान बाहेर काढली आणि आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तशा आवाजात विचारलं, "काका, धक्का देऊ का?"

जोतिरामने समोर बघत राहणं पसंत केलं. शेजारच्या सीटवर त्याची बायको पूनम बसली होती. तिच्या मांडीवर धाकट्या बहिणीसाठी, म्हणजे ऋतुजासाठी, घेतलेला शेंगाचटणीचा डबा होता. दोघं निघाली होती उजनीच्या काठी, ऋतुजाच्या सासरी. पूनमने डबा काखेत घेतला, गाडी चालू असतानाच दार उघडलं आणि ती खाली उतरली. यात धोका काही नव्हता. उतरल्यावर ती गाडीच्या पुढे चालू लागली आणि अंतर वाढत गेलं.

"मी कुर्डुवाडीपर्यंत रेल्वेनं जाते," ती मागे वळून म्हणाली. "तुम्ही या सावकाश."

बाकी सगळं जोतिराम विसरला असता. 'सावकाश' हा शब्द मात्र त्याच्या कानात रात्री जेवतानाही वाजत राहिला. कारण तो अर्थातच पोचला नव्हता. पुलाच्या माथ्यावरून गाडी उलटी उताराला लावून घरी परतला होता.

दोन दिवसांनी पूनम परत आली ती निकाल घेऊनच. "त्या डबड्यातून मी ऋतुजाच्या दारात उतरले, तर ते घरात राहील. नाहीतर भंगारवाल्याला बोलावते."

डबडं हा शब्द अन्यायाचा होता. पुण्याजवळच्या एका लहान कारखान्याने अशा मोजक्याच गाड्या काढल्या आणि मग तो बंद पडला. लालभडक, जमिनीलगत, दोनच माणसांची. इंजिन पुढे नाही, मागेही नाही, तर सीटच्या पाठीशी, गाडीच्या मधोमध. "जगातल्या भारी गाड्यांचं इंजिन मधेच असतं," हे वाक्य जोतिराम ज्या कॉलेजात ऑफिस सुपरिंटेंडेंट होता, तिथल्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांनी ऐकलेलं होतं. कारखान्याने सगळा जीव ओतला तो बाहेरच्या अंगात. मधोमध बसवलं ते छोट्या टेम्पोचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. गाडी कॉलनीत आली त्या सकाळी समोरच्या बाळाबाई गव्हाचा डबा घेऊन फाटकात उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "गिरणी आजपासनंच चालू का?" ही गाडी जोतिरामकडे आली कशी, हा या हकिकतीचा विषय नाही. पूनमच्या मते तो कोणत्याच हकिकतीचा विषय होता कामा नये.

तर गाडीला ताकद हवी होती. आता आपल्याकडे माणूस एखाद्या अडचणीत आहे असं कळलं की लोक मदत करत नाहीत, सल्ला देतात. शेजारचे मंजुनाथअण्णा बंद पडलेल्या गिरणीतून निवृत्त झालेले, त्यामुळे यंत्र या विषयावर त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी गाडीला तीन फेऱ्या मारल्या.

"वजन कमी करा, मासाळ."

"गाडीचं वजन मुळातच कमी आहे, अण्णा. फायबर आहे."

"मी गाडीचं म्हणलोच नाही."

मोठं इंजिन बसवायचा विचार जोतिरामने बोलून दाखवला, तेव्हा अण्णा थेट कन्नडमध्ये गेले. नकार त्यांना मराठीत पुरत नसे. "इल्ला, मासाळ, इल्ला! ऐंशी किलोच्या माणसाचं काळीज पोराला लावल्यासारखं होईल. पोरगं पळंल, पण फाटंल."

हाशमभाईंचं मत नेमकं उलट होतं. होटगी रोडला त्यांचं गॅरेज होतं आणि त्यांना अशक्य असं आजवर काही आढळलेलं नव्हतं. त्यामुळे अर्धवट उघडलेल्या गाड्यांनी गॅरेज भरून रस्त्यावर आलं होतं. त्यांनी सीटमागची जागा विती टाकून मोजली.

"बॉडी शेर की, साब, और दिल मुर्गी का. चार सिलिंडर बैठता."

"बसेल ना नक्की?"

"बैठता बोले तो बिठातेच. तुम इंजिन लाओ. कागद के साथ. बिना कागद का नक्को."

कागदपत्रांसह चांगलं इंजिन मिळणं सोपं नसतं. जोतिरामने बराच शोध घेतला. शेवटी एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता पूनमच म्हणाली, "शहाजीरावांच्या शेतातल्या पाण्याच्या पंपावर आहे की तसलं. अपघातात गेलेल्या मोठ्या जीपचं. कागदसुद्धा ट्रंकेत ठेवलेत म्हणाली ऋतुजा."

जोतिरामचा चेहरा पडला. शहाजी वाघमोडे म्हणजे ऋतुजाचा नवरा, जोतिरामचा साडू. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे एकमेकांशी अत्यंत आदराने वागतात आणि एकमेकांची प्रत्येक वस्तू मनातल्या मनात तोलत असतात. शहाजीकडे ट्रॅक्टर होता, केळीची बाग होती, आणि गाडीचा फोटो पाहून त्याने "खेळणं झ्याक हाय" असा शेरा दिला होता. ज्याच्या दारात गाडी दिमाखात उभी करायची, त्याच्याच दारात इंजिन मागायला जायचं होतं. तेही एसटीने.

उजनीच्या फुगवट्याचं पाणी त्या वेळी अगदी केळीच्या बांधाशी होतं. काठावर छपराखाली ते इंजिन धडधडत होतं आणि पाइपातून हत्तीच्या सोंडेसारखं पाणी पडत होतं. शहाजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"इकायचं न्हाय ते, पाव्हणं."

"मी रीतसर किंमत देतो."

"किंमत?" शहाजी दुखावला. "साडूकडनं किंमत घिऊ? तुमची मेव्हणी उद्या भाकरी थापंल का मला? उसनं न्या. शेजारनं साखर न्हाय का नेत, तसं. तुमचं बारकं इंजिन ठिवा हितं. सध्या पानी पायाशी हाय, बारक्यानं बी भागंल."

"नक्की ना?"

"न्या वो! घरचंच हाय."

इथे घात झाला, आणि तो कोणाच्याही लबाडीमुळे झालेला नाही. शहरात राहून माणूस बोलण्याचा अर्थ लावायला शिकतो. पैशाचं नाव काढायचं नाही म्हणून साडू 'उसनं' म्हणाला, म्हणजे त्याने दिलंच, असं जोतिरामने धरलं. शहाजी गावात राहत होता. त्याच्या बोलीत उसनं म्हणजे उसनं.

हाशमभाईंनी टेम्पोतून बारकं इंजिन पोचवलं, मोठं आणलं आणि काम सुरू केलं. मोठं इंजिन चार बोटं जास्त निघालं. "वीत तो वीतच रहती, साब," हाशमभाई म्हणाले, जणू चूक वितीची होती. त्यांनी सीटमागचा पत्रा कापला. तरी इंजिनाचा डावा खांदा आत आलाच. म्हणून डावी सीट पुढे सरकवली आणि पाठ ताठ उभी केली. त्या सीटवर बसणाऱ्याचे गुडघे आता हनुवटीशी येत होते. वरचं झाकण बसेना म्हणून त्याला भोक पाडलं आणि त्यातून एक काळा पाइप बाहेर आला. धग आत यायची, पण हाशमभाईंच्या मते लोक हीटरसाठी वेगळे पैसे मोजतात.

"एवढं पक्कं करा की हलता कामा नये," जोतिरामने बजावलं. सुपरिंटेंडेंट माणसाला प्रत्येक गोष्ट पक्की लागते.

पहिल्या चाचणीला सगळी कॉलनी जमली. जोतिरामने किल्ली फिरवली आणि मधोमध असा काही गडगडाट झाला की बाळाबाईंनी दळणाचा विषय कायमचा सोडला. त्याने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागे गेली. त्याने घाईने दुसरा टाकला. गाडी जास्त जोरात मागे गेली. मंजुनाथअण्णांच्या कुंपणाची तार, कढीपत्त्याचं झाड आणि वाळत घातलेलं एक धोतर घेऊन ती थांबली. नव्या इंजिनाला जुळवताना हाशमभाईंनी गिअरबॉक्सचा एक भाग उलटा बसवला होता. आता गाडीला मागे जायला चार गिअर होते आणि पुढे जायला एक.

"ऐसी गाडी पूरे सोलापूर में नै मिलती," हाशमभाई म्हणाले. त्यांच्या स्वरात पश्चात्ताप नव्हता.

धोतर खांद्यावर टाकत मंजुनाथअण्णा म्हणाले, "आता आमच्याकडं यायचं असलं तर चालत या, मासाळ."

गिअरबॉक्स सुलटा झाल्यावर उरलं ते सरकारी काम. इंजिन बदललं तर तशी नोंद करावी लागते आणि जोतिराम नियमाबाहेर पाऊल टाकणारा नव्हता. उभ्या हयातीत त्याने विद्यार्थ्यांचे हजारो अर्ज 'त्रुटी' असा शेरा मारून परत केले होते. आता त्याचा अर्ज परत येऊ लागला. एकदा साक्षांकनासाठी, एकदा गाडीचा फोटो 'अस्पष्ट व आक्रमक' आहे म्हणून. अखेर तपासणीचा दिवस ठरला. निरीक्षक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पुढचं बॉनेट उघडलं. आत पूनमने ठेवलेले कांदे होते.

त्यांनी कांद्यांकडे पाहिलं, मग जोतिरामकडे. "इंजिन कुठे आहे?"

"मध्ये."

"कशाच्या मध्ये?"

"माझ्या आणि मागच्या चाकांच्या."

इंजिनावरच्या क्रमांकाचा ठसा कागदावर पेन्सिलीने घासून घ्यावा लागतो. तो क्रमांक नेमका कापलेल्या पत्र्याच्या बाजूला गेला होता. निरीक्षकसाहेब डोकं सीटखाली आणि पाय खिडकीबाहेर अशा अवस्थेत बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर त्या क्रमांकाचा शेवटचा आकडा उमटला होता. त्यांनी शिक्का मारला आणि बजावलं, "आता हे इंजिन म्हणजेच ही गाडी. ते काढलंत तर ही रस्त्यावर आणायची नाही."

"काढायचा प्रश्नच नाही," जोतिराम म्हणाला. त्याने वाटेत पेढे घेतले.

शहाजीचा फोन त्याच संध्याकाळी आला.

"पाव्हणं, पानी लई लांब गेलं की! धरण खाली चाललंय. बारकं इंजिन पानी उचलतंय, पर निम्म्या पायपात दम खातंय आन् पानी माघारी. घड भरायच्या टायमाला बाग सुकाय लागलीया. माजं इंजिन आणून द्या."

पेढा हातातच राहिला. "हो, हो. बघतो ना मी," जोतिराम म्हणाला.

शहरात 'बघतो' म्हणजे नाही. शहाजीने त्याचा अर्थ 'आणतो' असा घेतला आणि तो वाट बघू लागला. पुढचे काही दिवस फोन वाजला की जोतिरामला नेमकं आंघोळीला जावंसं वाटे. कॉलेजातही तो साडूचा फोन आला की मीटिंगमध्ये असायचा, एकटाच. मग ऋतुजाने थेट बहिणीलाच फोन केला.

पूनमने फोन ठेवला आणि ती नवऱ्याकडे वळली. "आमच्या घरात उसनी वाटी आठ दिवसांच्या आत परत जायची, आणि तीही शिगोशीग. तुम्ही माझ्या बहिणीच्या घरची उसनी वस्तू आणून तिच्यावर सरकारी शिक्का मारून घेतला?"

"अगं, मला वाटलं तो बोलायची पद्धत म्हणून..."

"परत द्यायचं ते."

"इंजिन काढलं की गाडी संपली, पूनम. कायद्याने संपली."

"मग शेवटची चालवून घ्या. मी येते बरोबर."

भल्या सकाळी दोघं निघाली. पूनमचे गुडघे हनुवटीशी होते आणि पाठीमागे धग अडवायला ओला टॉवेल होता. गाडीने रेल्वे पूल तिसऱ्या गिअरमध्ये असा ओलांडला की पूल कधी आला ते जोतिरामलाही कळलं नाही. हायवेला लागल्यावर तो हळूच शेजारी बघू लागला. मोहोळपर्यंत पूनम काही बोलली नाही. टॉवेल वाळला, तिने बाटलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं, वाफ झाली, तरी ती बोलली नाही. टेंभुर्णीच्या अलीकडे मोठमोठ्या गाड्या एकामागून एक मागे पडू लागल्या आणि ती समोरची कड घट्ट धरून म्हणाली, "अहो, जरा हळू."

गाडी घेतल्यापासून जोतिराम या शब्दांची वाट बघत होता. ते ऐकायला मिळाले आणि आता हे इंजिन काढून द्यायला आपण चाललो आहोत, हे त्याला आठवलं. त्याने वेग कमी केला. आता त्याला सावकाशच जायचं होतं.

गावात शिरताच आवाजाने पोरं, कुत्री आणि ग्रामपंचायतीचे दोन सदस्य मागे लागले. गाडी ऋतुजाच्या दारात उभी राहिली. ऋतुजा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. पण पूनमला उतरता येईना, गुडघे सरळच होईनात. शेवटी ऋतुजाने तांब्या खाली ठेवला आणि बहिणीला दोन्ही हातांनी ओढून काढलं. "ताई, बसून आलीस का बांधून आणलं दाजींनी?"

शहाजी गोठ्यातून आला तो हातात बोल्ट खोलायचे पाने घेऊनच. "लई बरं केलंत, पाव्हणं. सोता आणून दिलंत."

जोतिरामने खिशातून नोंदणीचा कागद काढला, तो उघडायला लागला आणि तेवढ्यात त्याची नजर शहाजीच्या मागे गेली. केळीची पानं कडेने करपून खाली लोंबत होती. झाडावरचे घड बारीक राहिले होते. काठाला बारकं इंजिन धापा टाकत होतं आणि पाइपाच्या तोंडातून मांजराने चाटावं एवढं पाणी येत होतं. पलीकडे फुगवट्याचं पाणी हटत हटत पार लांब गेलेलं, मध्ये नुसता भेगाळलेला गाळ. त्याने कागद परत घडी करून खिशात घातला.

"काढा," तो म्हणाला. "तुमचंच आहे ते."

शहाजीने झाकण उघडलं आणि आत डोकं घातलं. बराच वेळ आतून फक्त पान्याचा आवाज आला. "हितं बोल्टच न्हाईत की!"

जोतिरामने गॅरेजला फोन लावला. हाशमभाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "बोल्ट कायकू रहेंगे, साब? तुमीच बोले ना, हलना नै. मैं पूरा वेल्डिंग मारा! काटना तो दो-चार रोज लगतेच. और काटे तो बाद में बैठेगा की नै, वो अल्ला जाने."

ऋतुजा बागेकडे बघत होती. चार दिवस त्या बागेपाशी नव्हते, हे जोतिरामलाही दिसत होतं.

शहाजी गाडीखाली आडवा झाला. उजव्या चाकापासून डाव्या चाकापर्यंत सगळं निरखून बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर गाडीबद्दल पहिल्यांदाच आदर होता.

"इंजिन निघत न्हाय तर न्हाय," तो म्हणाला. "गाडी निघती की."

गाळाच्या कडेपर्यंत ट्रॅक्टर जायची वाट होती. त्या वाटेने ती लाल स्पोर्ट्स कार काठावर नेली. मागचा भाग दगडांवर चढवला, एक चाक काढून त्या जागी पंपाची पुली बसवली, दुसरं चाक धोंडा लावून अडवलं आणि पट्टा चढवला. गाळावरून पार पाण्यापर्यंत डबल पाइप जोडले. "गादीवर बसून मळा भिजवायचा," शहाजी म्हणाला, "आमच्या बापानं बी बघितलं न्हाय असलं."

"माझ्या पण," जोतिराम म्हणाला आणि स्टिअरिंगवर बसला.

त्याने ॲक्सिलरेटर दाबला. रस्त्यावर तो कधी पूर्ण दाबायची हिंमत झाली नव्हती. हायवेवर पोलीस होते, पूनम होती, म्हशी होत्या. इथे अडवायला कोणी नव्हतं, कारण जायचंच कुठे नव्हतं. मधोमध बसलेलं ते इंजिन पूर्ण आवाजात गर्जलं, काळ्या पाइपातून धूर उडाला, पाण्यातले बगळे उडून पार पलीकडच्या काठाला गेले, आणि पाइपाच्या तोंडातून पहिल्यांदा हवा, मग गाळ, मग एखादा मासा आणि शेवटी मांडीएवढी जाड पाण्याची धार सुटली. शहाजीने हात वर केला. ऋतुजा पाटाने पुढे धावली, मातीच्या बांधांची दारं मोडत, पाणी सरीत घेत.

जोतिरामने कॉलेजात रजा वाढवली. कारण 'कौटुंबिक' असं लिहिलं. तो सकाळी गॉगल लावून स्टिअरिंगवर बसे, दुपारी शहाजी बसे, आणि दोघांत कुठला गिअर केळीला मानवतो यावर वाद होत. जोतिरामच्या मते तिसरा. शहाजी दुसऱ्यावर ठाम होता. गाडी पावसाळ्यापर्यंत इथेच राहणार, हे कोणी बोललं नाही आणि सगळ्यांनी धरलं.

तिसऱ्या दिवशी केळीची नवी पानं सरळ उभी राहिली. पूनम बांधावर बसून डबा उघडत होती. जोतिराम आत फुल रेसवर होता, त्यामुळे त्याला काही ऐकू येत नव्हतं. पलीकडच्या वाडीचा एक तरुण मोटारसायकल थांबवून उतरला. गाडीभोवती फिरला, खाली वाकला, काळ्या पाइपाला हात लावून पोळला आणि मग आदबीने पूनमजवळ आला.

"मावशी, लई भारी गाडी हाय की ही. किती देती?"

पूनमने आत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग पाण्याच्या धारेकडे. मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "आमची गाडी ना? तासाला पाऊण एकर देते."